पाचवी जागा

सप्टेंबर सरत आला होता. तार्तूच्या नदीकाठी भूर्जवृक्ष सुवर्णवस्त्रे ल्याले होते, आणि त्या सुवर्णात ऊब म्हणून नव्हती. ऊन पडे, पण ते ओळख नसलेल्या पाहुण्यासारखे दारातच उभे राही. वारा सुटे, पाने झरत, आणि एक पीतवर्णी, शीतल मौन साऱ्या गावावर पसरत जाई.

एस्टोनियातल्या त्या चिमुकल्या विद्यानगरीत दोन मराठी मुली शिकायला आल्या होत्या. ऋता नाशिकची; नितळ इंग्रजीची, मोजक्या हसण्याची. प्रणिता परभणीकडच्या सेलूची. मोकळ्या गळ्याची, खळाळत्या हसण्याची, आणि इंग्रजीचा एकेक शब्द खोल विहिरीतून पोहऱ्याने शेंदून काढणारी. वसतिगृह एक, खोली एक. दोन खाटा, दोन टेबले, आणि मधे उत्तरेकडची एक खिडकी.

पहिले तीन आठवडे ऋता रडली. घर आठवून रडली, अगम्य भाषेतल्या पाट्या वाचून रडली, सलग पाच दिवस तापाने फणफणली तेव्हा तर लहान मुलीसारखी रडली. प्रणिताने तिच्या कपाळावर ओल्या रुमालाच्या घड्या ठेवल्या, मऊ भात भरवला, उशाशी बसून तिचे केस विंचरले.

"रडू नको माय," ती म्हणाली. "गाव म्हणजे तरी काय असतंय? चार ओळखीची माणसं अन् एक पाण्याची जागा. नदी तर हाय. माणसं मी बघते."

आणि तिने खरोखर बघितली. मसुराची डाळ मिळणारे दुकान तिने शोधले, कपडे धुण्याच्या यंत्राचा स्वभाव तिने ओळखला, वसतिगृहाच्या करड्या, कडक व्यवस्थापिकेला तिने हातवाऱ्यांनी हसवले. प्रणिताच्या बोटाला धरून ऋता त्या गावात रुजली.

रुजली, आणि मग तिला पालवी फुटली.

नोव्हेंबर आला. दिवस मिटत मिटत मुठीएवढा झाला. दुपारी साडेतीनलाच अंधार निळ्या शाईसारखा रस्त्यांवर सांडू लागला. त्या नीलतिमिरात ऋताभोवती नवे दिवे लागले. इटलीची कामिला, पोलंडचा यान, इथलीच मारी. त्यांच्याबरोबर ती रिगाचे मनोरे पाहून आली, जहाजातून हेलसिंकीचे धवल बंदर पाहून आली. दर प्रवासागणिक तिचे हसणे मोठे झाले, तिचे फोटो उजळ झाले.

"पुढच्या वेळी तुला नक्की नेऊ," परतल्यावर ती म्हणे. प्रणिता मान डोलवी आणि फोटो एकेक करून, बोटांनी मोठे करून पाही.

खरी गोष्ट ऋता स्वतःलाही धड सांगत नसे. प्रणिताच्या स्वेटरला हिंगाच्या फोडणीचा वास येई. प्रणिता वाचनालयातही मोठ्याने हसे. "तुम्ही दोघी एकाच गावच्या का?" असे कामिलाने एकदा सहज विचारले, तेव्हा ऋताला गालात चपराक बसावी तसे झाले होते. "नाही, नाही," ती घाईने म्हणाली होती. तिला इथे नवी व्हायचे होते, कोरी व्हायचे होते. आणि प्रणिता म्हणजे तिच्या कोऱ्या कागदाच्या पाठीवर उमटलेली जुनी शाई होती.

फेब्रुवारीत पार्नूला जायचे ठरले. समुद्राला. मारीची गाडी, दोन दिवस, गोठलेला किनारा.

गुरुवारी संध्याकाळी प्रणिता कणीक मळावी तसे शब्द मळत कितीतरी वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "मी येऊ का गं? तुला चालत असंल तर. समुद्र बघितलाच नाही बघ मी अजून."

ऋताने पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. "अगं, गाडीत पाचच जण मावतात. आणि आम्ही पाच झालो."

खिडकीबाहेर बर्फ पडत होता. निःशब्द, निरंतर, निरागस.

"बरं," प्रणिता म्हणाली.

शनिवारी सकाळी तिने ऋताच्या हातात एक पिशवी दिली. सेलूहून आणलेले ज्वारीचे पीठ तळाला गेले होते. ते झाडून पुसून तिने धपाटे केले होते. "वाटंत खा," एवढेच ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

पाइन वृक्षांच्या कृष्णगंभीर रांगांमधून गाडी धावली. मागच्या बाकावर ऋता आणि कामिला यांच्यामधे एक जागा मोकळी होती. तिच्यावर कोट पडले होते, मफलर पडले होते.

आणि मग समुद्र आला. समुद्र कसला, श्वेताचा अथांग सन्नाटा. लाट उसळतानाच गोठलेली, फेस फुटतानाच दगड झालेला. आकाश कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते, ते कळू नये अशी ती शुभ्र, बधिर विशालता. चौघे त्या बर्फावर उभे राहिले आणि ऋताने पिशवी उघडली.

आत कागदाच्या पुड्या होत्या. नीट दुमडलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या.

यानने पहिली उचलली, वास घेतला, हसला. "हे प्रणिताने केले ना? ती का नाही आली? बुधवारी वाचनालयात मी तिला सांगितले होते, आम्ही चौघेच आहोत, एक जागा रिकामी आहे, ये. ती म्हणाली, आधी ऋताला विचारते."

ऋताने पिशवीत पाहिले. दुसरी पुडी. तिसरी. चौथी. पाचवी नव्हती.

म्हणजे तिला ठाऊक होते. विचारताना ठाऊक होते; "बरं" म्हणताना ठाऊक होते; पीठ झाडून घेताना, पुड्या बांधताना, चारच बांधताना ठाऊक होते.

बाकीच्यांनी मिटक्या मारत खाल्ले. ऋताचा घास जिभेवर वाळूसारखा फिरत राहिला.

रविवारी ती परतली, तेव्हा प्रणिता अभ्यास करीत होती. भांडण व्हावे, असे ऋताला जिवापासून वाटत होते. दोन शब्द कडू, दोन थेंब खारट, आणि मग सारे वाहून जावे.

"धपाटे छान झाले होते," ती म्हणाली.

"हो का," प्रणिता म्हणाली, आणि पान उलटले.

मार्चमध्ये प्रणिताने खोली बदलून घेतली. व्यवस्थापिकाच तिचे ट्रंकेसारखे जड सामान उचलू लागली. तक्रार नाही, निरोप नाही. जाताना तिने ऋताची खाट तेवढी झटकून, चादर ताणून ठेवली.

एप्रिलच्या एका दुपारी ऋता धीर करून पलीकडच्या इमारतीत गेली. मनात क्षमेची वाक्ये जुळवीत, मोडीत, पुन्हा जुळवीत तिने दार ठोठावले. आत सात-आठ जण जमिनीवर बसले होते. कोणी घानाचा, कोणी जॉर्जियाची, आणि साऱ्यांची बोटे वरणभाताने माखलेली. मधोमध प्रणिता बसली होती. तिचे इंग्रजी अजूनही अडखळत होते, आणि ते अडखळणे सारे जण मायेने ऐकत होते.

"ये ना, बस," प्रणिता उठून म्हणाली. आवाजात विष नव्हते, मधही नव्हता. तिने ताट वाढले. मग इतरांकडे वळून सावकाश इंग्रजीत ओळख करून दिली, "ही ऋता. आम्ही एकाच विमानाने आलो होतो."

तेवढेच. त्यात खोटे काही नव्हते.

ऋता जेवली. आभार मानले. क्षमेचे एकही वाक्य ओठांपर्यंत आले नाही. त्या हसत्या, तृप्त खोलीत ते कोणी मागितलेच नव्हते.

ती बाहेर आली. हिवाळा सुटत होता. छपराछपरावरचा बर्फ वितळत होता, पन्हळी गात होत्या, फांद्या ठिबकत होत्या, पायऱ्या भिजत होत्या. सारे गाव थेंब थेंब पाझरत होते. त्या पाझरत्या गावातून ऋता चालत राहिली, कोरडी, कोरडी, कोरडी.