आईनं सांगितलेले सिनेमे

आमचे अण्णा तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कामात जन्मभर राबले आणि कान तिथंच ठेवून आले. कानाचं मशीन मी दोनदा आणून दिलं. "आवाज लई येतो, बोलणं येत न्हाय," म्हणून त्यांनी ते फडताळात टाकलं. तरी सिनेमाचं वेड असं, की दिवाळी सरून काम थंडावलं की आईला घेऊन धाराशिवची टॉकीज गाठायचेच.

आई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन अख्खा सिनेमा सांगायची. पुढचे-मागचे लोक वैतागायचे. ती कुणाला भीक घालायची नाही. फक्त तिच्या सिनेमात कुणी मरायचं नाही. रोज फटाक्यांच्या दारूत हात घालणाऱ्या माणसापुढं मरणाचा शब्द काढायचा नाही, हा तिचा नेम. पडद्यावर म्हातारा गोळी लागून आडवा झाला, तर आई सांगायची, "पाय मुरगळलाय. दवाखान्यात नेलंय." हिरोची बहीण नदीत बुडाली, की मामाच्या गावाला गेली. मी शेजारी बसून हसू दाबायची. अण्णा शेंगा खात मान डोलवायचे.

फाल्गुनात आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून अण्णांनी बोलणंच सोडलं. भाऊ फोनवर सांगायचा, ताटावर बसतात, घास चिवडतात आणि उठतात. मी शाळेत गणित शिकवते, हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. सुट्टी लागली तशी गावी गेले, अण्णांना गाडीत बसवलं आणि टॉकीजला आणलं. ते पुन्हा माणसात यावेत, एवढंच मला हवं होतं.

सिनेमा सुरू झाल्याबरोबर मी त्यांच्या कानाशी ओरडायला लागले. एक शब्द गाळला नाही. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "बातम्या लावल्यागत सांगतीस." घसा फोडून वर हे ऐकायचं. पण निदान बोलले तरी, म्हणून राग गिळला.

मध्यंतरानंतर हिरोची आई खाटेवर पडली. डॉक्टरनं मान हलवली.

"काय झालं तिला?" अण्णांनी विचारलं.

"वारली, अण्णा."

ते उठले आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर गेले. मी मागं धावले. ते बाहेरच्या बाकावर बसले होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना आत्ता कुठं खरं कळलं.

"अण्णा, आई तुम्हाला बदलून सांगायची. सिनेमात माणसं मरतातच," मी कानाशी ओरडून सांगितलं.

"ठावं हाय की. कान गेलेत, डोळे हायत. चिता पेटलेली दिसती मला."

"मग तिला कधी बोलला नाहीत?"

"कशाला? ती इतक्या मायेनं सांगायची. म्याबी तसंच धरायचो." त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "त्या दिशी जाताना ती काय तरी बोलली. ओठ हलले. तू उशाशी हुतीस. काय म्हणली गं?"

एवढे दिवस हा माणूस हेच घोकत बसला होता, आणि आम्ही त्याच्या ताटातले घास बघत होतो.

आईनं पाणी मागितलं होतं. तेही अर्धवट. दुसरं काहीच नाही.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"म्हणाली, ह्यांना सांग, मला काय बी दुखत नाही. जरा डोळा लागतोय. ह्यांनी जेवून घ्यावं."

अण्णा कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"आता तुझ्या आईगत सांगितलंस," ते म्हणाले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले.