देव्हाऱ्यातली निळी पुडी

मित्रांनो, जनीला माझ्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या: घर सोडून गेलेली लेक परत यावी, नवऱ्याचा राग उतरावा आणि शेजारणींची तोंडं बंद व्हावीत. भांडवल काय, तर वहीतला एक कागद आणि चिमूटभर अंगारा. इतका स्वस्त सौदा देवाशीही कुणी केला नसेल. मी एक जुनी, निळी पुडी आहे. तो सौदा म्हणजे मीच.

काशीदजवळच्या कोळीवाड्यात माझा जन्म झाला. बापानं ठरवलेलं लग्न नको म्हणून जनीची लेक साक्षी पहिल्या एसटीनं निघून गेली होती. सदानं, म्हणजे तिच्या बापानं, सांगून टाकलं, "या घरात तिचं नाव कोन घेनार न्हाय."

तिसऱ्या दिवशी लेकीची वही पुसताना जनीला मी सापडले. निळा, जाड, एका बाजूनं लिहिलेला कागद. जनीला अक्षरं वाचता येत नव्हती, पण लेकीचं वळण ओळखू येत होतं. शाळेचा अभ्यास असेल, असं तिनं धरलं. विचारणार तरी कुणाला? घरात वाचता येणारा एकटा सदा!

तिनं लिहिलेली बाजू आत घेतली, मधे देवाचा अंगारा ठेवला. "पोरीचं अक्षर अंगाऱ्याला लागू दे," ती पुटपुटली. चौकोनाचा त्रिकोण केला, त्याचे दोन कान आत वळवले, उरलेली जीभ खाचेत सरकवली. डिंक नाही, दोरा नाही. प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख ओढलं. घट्ट झाले मी, आणि थेट देव्हाऱ्यात बसले!

माझं कौतुक फार झालं. बाळाची नाळ, होडीच्या पूजेची हळद, काय काय ठेवायला बायका जनीकडून पुड्या करून नेऊ लागल्या. "जनीमावशीची पुडी कधी सुटत न्हाय," असं म्हणत. मीही फुगले. रोज फूल, रोज धूप. गंमत बघा, दर्यावर निघताना सदा मला उचलून कपाळाला लावायचा. तोंडानं नाव घ्यायचं नाही आणि पुडी सोडायची नाही! पण मंतरलेली पुडी उघडायची नसते, म्हणून त्यानंही कधी उघडली नाही.

अशी अकरा वर्षं गेली. खाऱ्या हवेनं माझ्या घड्या कुजल्या. यंदा पूर्वी नावाची सदाची भाची किहीमहून राहायला आली. तिनं मला उचललं आणि अंगारा सांडला.

"मामी, फाटली गं! नवीन कर."

"कागद टाकू नको, साक्षीच्या हातचा हाय."

पूर्वीनं मला पसरलं. वाचता वाचता ती थांबली. "मामी, हा अभ्यास नाही. तुला चिठ्ठी आहे."

मग तिनं मोठ्यानं वाचलं: 'आई, हे बाबांना न दाखवता कुणाकडून तरी वाचून घे. न्हावा शेव्याला कामाला लागतेय. माझा फोन बाबांनी फोडला, म्हणून घरमालकिणीचा नंबर लिहिलाय. एकदाच फोन कर, मी भेटायला येईन. नाही केलास तर समजेन, तूही बाबांच्याच बाजूची.'

पूर्वीनं लगेच नंबर लावला. जहुरा नावाच्या बाईनं उचलला.

"साक्षी? सात वर्षं होती माझ्याकडं. आधी रोज विचारायची, 'चाची, घरून फोन आला का?' मग बंद झाली विचारायची. चार वर्षं झाली खोली सोडून. मी म्हटलं, बेटी, पत्ता ठेवून जा. तर म्हणाली, 'विचारणार कोण आहे?'"

"मी हाय ना," जनी फोनकडे बघत म्हणाली. "मी विचारतेय."

"मिळाली तर सांगते, आपा," एवढंच जहुरा म्हणाली.

मित्रांनो, पुड्या जपाव्यात. पण जपण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा. लाज वाटली तरी विचारावं, बंदी असली तरी विचारावं. मी घट्ट राहिले, याचा मला आता अभिमान नाही. एका कोपऱ्यात जरी सुटले असते!

दर्यावरून आल्यावर सदानं मला हातात घेतलं आणि पहिल्यांदाच कपाळाला न लावता वाचलं. दोनदा वाचलं. मग तो आमच्याकडे पाठ करून दाराशी बसला.

आता शेवटची बेरीज. साक्षीनं सात वर्षं वाट पाहिली, जनीनं अकरा. सदानं रोज माथा टेकला, तोही वाया. फुलं मात्र सगळी मला मिळाली.