तालायची तार

काराताश गावच्या जुन्या पोस्टाची इमारत मी, उद्या मला पाडणार म्हणून आज बोलतेय. नाहीतर इतकी वर्षं गप्प बसून मी काय मिळवलं?

नदीतले दगड आणि मातीच्या विटा रचून मला उभं केलं, तेव्हा बायका पाय पुसून आत यायच्या. तिकीट जिभेने ओलं करताना माणसं डोळे का मिटतात, ते मला कधीच कळलं नाही. खिडकीशी जयनागुल बसायची. भारी बोलघेवडी. म्हाताऱ्याकोताऱ्यांची पत्रंही तीच वाचून दाखवायची.

एका उन्हाळ्यात तार आली. गावातल्या उमसुनायबाईचा एकुलता एक मुलगा तालाय उत्तरेकडच्या खाणीत दबून मेला होता. आमच्याकडे मरणाची बातमी अशी हातात ठेवत नाहीत. वडीलधारी मंडळी घरी जाऊन बसतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग सांगतात. त्यांनी सांगितल्यावरच आईने टाहो फोडायचा. आणि मंडळी तर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेलेली.

तेवढ्यात उमसुनाय दारात. "काय गं, माझ्या पोराचं काही?"

"नाही काकू. टपालगाडीच उशिरा येतेय मेली," जयनागुल म्हणाली आणि तिने जीभ चावली.

म्हातारे उतरले ते थेट थंडीच्या तोंडावर. तोवर तिकडे दफनही उरकलं होतं. 'एवढे दिवस का दाबून ठेवलीस?' असं विचारतील, या भीतीने जयनागुलने तार कपाटामागे सरकवली. भित्री होती ती, वाईट नव्हती. पुढे म्हातारे एकेक करून गेले, तीही गेली. पोस्ट नव्या जागी हललं, माझं छप्पर गळायला लागलं. उमसुनाय मात्र दर शुक्रवारी येऊन माझ्या पायरीवर बसायची.

आजही आली. भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "त्या पोरीचा चेहरा बघूनच मला कळलं होतं. पण कुणी सांगितलंच नाही, मग रडू कशी? सांगणारे सगळे गेले. आता तूच सांग बाई."

तुमच्याशी मी एवढी घडाघडा बोलले. तिच्याशी मात्र एक शब्द निघेना. बराच वेळ थांबून ती कोरड्या डोळ्यांनी निघून गेली.

कुणीतरी वडीलधारं तिच्या घरी जा रे, तिला सांगा, असं ओरडावंसं वाटतं. पण गावात आता तिच्याहून वडील कुणी उरलेलंच नाही.