बुचाची गोळी

खोका ७

आईच्या पाठीवर पिल्लं. शंभरेक तरी, एकमेकांवर चढलेली.

नुजहतनं खोका खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचं डोकं सणकलं. सातव्या खोक्यातल्या मादीला पिल्लं होणं शक्यच नव्हतं. तिच्या बुडाला अंड्यांची पिशवी नव्हतीच. बुचाची गोळी होती.

थांबा. मागं जाऊन सांगायला पाहिजे.

खोका ०

असा खोका नव्हता, पण सुरुवात इथून. लांडगा कोळी जाळं विणत नाही, जमिनीवर पळून शिकार करतो. मादी अंड्यांची पिशवी बुडाला चिकटवून जाईल तिथं ओढत नेते. ती काढून घेतली की वेड्यासारखी शोधते, आणि त्याच मापाचं दुसरं काही पुढ्यात टाकलं तर तेही उचलते. खोटी पिशवी ती किती दिवस वागवते, हे नुजहतला शोधायचं होतं. त्यासाठी दोन हंगाम ती उचगावहून पहिल्या बसनं निघून कळंब्याच्या तलावाकाठी गवतात रांगली होती. तीस माद्या. एक ते पंधरा नंबरच्या खोक्यांतल्या माद्यांना बूच तासून, पांढरा रंग देऊन केलेली गोळी, उरलेल्या पंधराजणींना त्यांचीच पिशवी. काढलेल्या पिशव्या फळीवर, नंबर घातलेल्या बाटल्यांत.

शुक्रवारी हे समितीपुढं मांडायचं होतं. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली. आता नाही मांडलं तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द.

आज सोमवार. एकोणिसावा दिवस.

खोका ३, ७, ८, १०, १४, १५

सहाही खोक्यांत तेच. तिनं फळीवरची सातवी बाटली उघडून ओल्या कापसावर उलटी केली. टक्. बुचाची गोळी.

"मावशी!"

शालूबाई केर काढत दारापर्यंत आल्या होत्या. अकरा वर्षं या प्रयोगशाळेची झाडलोट त्याच करायच्या.

"इथं हात कुणी लावला?"

"मी लावलो," शालूबाई सरळ म्हणाल्या. "कालचा न्हवं, त्याच्या आदल्या रविवारी. तू उरसाला गेलतीस बघ."

"का?"

"लाकडाच्या गोळीला कवटाळून बसलीती की गं. बघवंना मला. आनि तूच सांगितलीस न्हवं, आईनं शिवण फाडल्याबिगर पिल्लं भाईर पडत न्हाईत म्हनून? ती बाटलीत गुदमरून मरायची आनि ही हितं बूच पाळायची. ह्यो कसला अभ्यास?"

"पंधराही बदलल्या?"

"मग? एकीला देऊन दुसरीला ठेवू व्हय?"

"आणि कशानं बदलल्या?"

"केरसुणीच्या काडीनं. तुझ्या चिमट्याला दात हायत, पिशवी फाटंल. सातातली सातात घातलो, आठातली आठात. आकडं कळत्यात मला."

"दोन वर्षं गेली माझी! दोन वर्षं, मावशी! कळतंय का तुम्हाला?" नुजहतचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला असेल. "विचारायचं तरी!"

"विचारलो असतो तर दिली असतीस?"

नोंदवही, पान ४१

तिनं वही ओढली. बाराव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत, पंधरा खोक्यांपुढं रोज तिच्याच अक्षरात: गोळी आहे. गोळी आहे. गोळी आहे.

बुडाला काहीतरी पांढरं दिसलं की तिनं लिहून टाकलं होतं. कोळणीला फरक किती दिवस कळत नाही हे शोधायला निघालेल्या बाईला सात दिवस फरक कळला नव्हता. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

खोका नाही, केबिन

धैर्यशील सर तिचे मार्गदर्शक. दोन हंगामांत एकदाही त्यांनी खोक्यात डोकावलं नव्हतं. सगळं ऐकून ते हसले.

"एवढंच ना? पिल्लं टाकून दे. गोळी एकोणिसाव्या दिवशी सोडली, असं भर."

"सोडली नाही, सर. काढून घेतली."

"अगं, समितीत कोळी मोजायला कोण येणाराय? आणि त्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो. काढायचं कारण काय लिहायचं ते मी बघतो."

शालूबाईंवर नुजहत ओरडली होती. पण शालूबाईंनी निदान खोक्यात बघितलं होतं.

"मी भरणार नाही."

"मग शुक्रवारच्या यादीत तुझं नाव नाही."

"नाव खोडा," ती म्हणाली. "आणि मावशींना काढलंत तर समितीपुढं वही घेऊन मी उभी राहीन. यादीत नाव असो नसो."

सर हसायचे थांबले.

नोंदवही, पान ४२

पान ४१ वर तिनं आडवी रेघ मारली. फाडलं नाही. खाली लिहिलं: या नोंदी चुकीच्या आहेत. चूक माझी. पुढच्या पानावर: अकरा दिवस गोळी वागवल्यावर पंधराही माद्यांना स्वतःची पिशवी परत मिळाली. पंधराहीजणींनी घेतली. पैकी सहाजणींनी

पेन थांबलं. पिशवी परत दिल्यावर काय होतं, हे तर तिनं विचारलंच नव्हतं.

"मावशी, इकडं या. बसा."

"अजून वरडायचं ऱ्हायलंय व्हय?"

"राहिलंय. ते नंतर. आधी सांगा, रविवारी पहिला खोका कुठला उघडला? गोळी काढल्यावर पिशवी घ्यायला किती वेळ लागला? लगेच, का फिरली आधी?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय बाई..."

"राहायला पाहिजे!" नुजहतनं टेबलावर हात आपटला. खोक्यांतल्या सगळ्या माद्या जागच्या जागी थिजल्या. "हातात घेतलंत ना? मग सांगा. एक ते पंधरा. मी लिहितेय."

शालूबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि खुर्ची ओढली.