उजव्या टोकाचा लिमिट स्विच

लिमिट स्विच सहा, तिन्ही दिशांना दोन-दोन. स्क्रू बारा, वायरीही बारा. उत्कर्षानं प्रत्येक स्विचची पट्टी बोटानं चाळीस वेळा दाबून पाहिली होती. दर वेळी टिक असा आवाज झाला आणि यंत्र जागच्या जागी थांबलं. ही मोजणी खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची.

होटगी रस्त्यावरच्या शेडमधलं हे संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र तिनं आणि धुळाप्पाकाकांनी मिळून जुळवलं होतं. भंगारातल्या मागाचे दांडे, प्लायवूडचा पाट आणि तिच्या बीएस्सीच्या प्रोजेक्टमधून उरलेलं सर्किट. लाकडावर नक्षी झकास कोरायचं. फक्त कुठं थांबायचं ते त्याला कळत नसे. म्हणून जन्मभर सुतारकाम केलेले काका ते चालू असताना चार हात लांब उभे राहायचे. बोटं गेली तर खायचं काय? त्यासाठीच हे नवे स्विच.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. काकांच्या बायकोनं, मायाक्काकाकूंनी करवत, रंधा, पटाशी यांच्याबरोबर यंत्रालाही हळदकुंकू लावलं, मूठभर अक्षता वाहिल्या. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. दसऱ्याच्या सकाळी हार उतरवले आणि काकांनी पाटावर फळी ठेवली. तिची कड उचलत होती, म्हणून उजव्या स्विचच्या पलीकडं त्यांनी डावा पंजा दाबून धरला.

"काका, हात काढा की."

"का? तितं पोचलं की थांबतंय, तूच म्हणलीस न्हवं? का नुसत्याच बाता?"

"थांबतंय की! चाळीस वेळा बघितलंय."

"मग चालीव. शिकलेल्या पोरीवर इस्वास न्हाय ठेवायचा तर कुणावर?"

तिला बरं वाटलं. तिनं बटण दाबलं.

भुसा उडवत, सरळ चर पाडत लाकूड कोरणारं फिरतं बिट उजवीकडं निघालं. टोकाला आलं. बिटाचा गाडा स्विचला टेकला. टिक झालं नाही. पट्टी वाकली आणि गाडा तसाच पुढं सरकला. उत्कर्षा बोर्डाकडं झेपावली. तिनं प्लग उपटला. बिट घरघरत, मंद होत थांबलं.

काकांनी हात उचलला नाही. उचलायचं त्यांना सुचतच नव्हतं.

"काय झालं गं?" काकू दारातून धावत आल्या.

उत्कर्षा वाकली. स्विचच्या पट्टीखाली तांदळाचा एक पिवळा दाणा अडकला होता. पट्टीला खाली जायला जागाच नव्हती. काकूंनी दाणा पाहिला.

"माज्या हातानं वाहिल्या गं मी..."

"तुमचं काय चुकलं, काकू? पूजेनंतर मी एकदाही दाबून बघितला नाही."

"उत्कर्षा," काका म्हणाले, "बोटं हायत का बघ गं. मला कळंना झालंय."

"हायत काका. पाची हायत."

त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून तिनं पंजाभोवती रेघ ओढली. मग एकेक बोट सोडवून हात उचलला आणि बारीक मापाचा व्हर्निअर घेतला. चराच्या टोकापासून करंगळीच्या रेघेपर्यंत तीनदा मोजलं.

४.२ मिलिमीटर.