बुडालेल्यांची यादी

डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीकाठच्या आमच्या गावात जुन्या कागदपत्रांचं एक दफ्तर आहे. दर गुरुवारी आम्ही पाच-सहा निवृत्त म्हातारे तिथे जमतो. काम अर्धं, कॉफी पूर्ण. वेबसाइट माझ्याकडे, कारण मी टेलिफोन खात्यात होतो आणि मला सगळं कळतं असा माझा समज आहे.

मार्चमध्ये वेबसाइटला कोण कुठून भेट देतं त्याची नोंद चाळताना एक गंमत दिसली. दर रविवारी टास्मानियातून कुणीतरी बुडालेल्या खलाशांच्या यादीत व्हिलास क्रॉग हे नाव उघडत होतं. मी सहज मोठ्याने वाचलं, तर आमच्यातल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या गुड्रुनचा कप बशीवर आपटला.

व्हिलास तिच्या आईकडे भाड्याने राहायचा. एकसष्ट वर्षांपूर्वी बोटीवर गेला तो गेलाच. जाताना गुड्रुनकडे एक बंद पाकीट देऊन गेला. वर एवढंच होतं: ‘इंगरला’. इंगर त्याची बहीण, लग्न करून परदेशी गेलेली. गुड्रुनने खूप शोधलं, पण पत्ता लागला नाही.

"मग ही माणसं आपल्याला फोन का करत नाहीत?" तिने विचारलं.

"नंबर तर ठळक अक्षरांत आहे."

"तुझ्या पानावर आहे, अक्सेल. त्यांना दिसतो का ते बघ, शहाण्या."

मी शोधयंत्रात नाव टाकलं आणि घोटाळा दिसला. यादी मी वेगळ्या पानावर ठेवून आमच्या पानात चौकट करून बसवली होती. आम्हाला ते एकच पान दिसायचं. शोधयंत्राने मात्र दोन्ही वेगळी वाचली होती आणि नाव शोधणाऱ्याला ते थेट आतल्या पानावर सोडत होतं. तिथे नुसती नावं, ना गाव, ना फोन. खिडकीतून खोली दिसायची, पण घराचं दार सापडायचं नाही. तीन वर्षं मी या कामाची शेखी मिरवली होती. लाज वाटली.

मी यादीच्याच वर पत्ता आणि नंबर टाकला.

पुढच्या गुरुवारी फोन आला. बाई मोडकंतोडकं डॅनिश बोलत होती. "व्हिलास माझा मामा. आईला आता दिसत नाही, दर रविवारी त्याचं नाव मला वाचायला लावते. आत्ता माझ्या शेजारीच बसलीय."

गुड्रुनने स्पीकर लावला. "इंगर, तुझं पत्र आहे माझ्याकडे. उघडलं नाही मी. उद्या पोस्टात टाकते."

"पोस्टाची वाट बघायचं माझं वय आहे का? आत्ता वाच."

गुड्रुनने पर्समधून पाकीट काढलं, लोण्याच्या सुरीने फोडलं. दोन ओळी वाचल्या आणि थांबली.

"पुढे?" इंगर म्हणाली.

"‘या फेरीहून आलो की गुड्रुनला लग्नाचं विचारणार आहे,’" गुड्रुनने वाचलं. "‘तिला अजून काही माहीत नाही.’"