रडकं तोंड

संध्याकाळी सासऱ्यांच्या मोबाईलमध्ये घंटी वाजते आणि एका ओळीत तोंडं उगवतात. पहिलं हसरं, शेवटचं रडकं, मधली उतरत गेलेली. आज पाठ किती दुखली, ते त्यातल्या एका तोंडावर बोट ठेवून सांगायचं. सासूबाईंना, म्हणजे बायडाबाईंना, वाचता येत नाही. म्हणून दुखणं त्यांचं, मोबाईल सासऱ्यांचा आणि बोट माझं.

हे ॲप नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. मणक्याचं दुखणं जुनं आहे, पाथर्डीहून एसटीत हादरत येण्यापेक्षा रोज यात सांगा, मी इथून बघते, म्हणाल्या. दिवाळीनंतर उसाला जायचं की नाही, तेही यावरूनच ठरवू, म्हणाल्या. सासूबाईंनी तेवढंच नीट ऐकलं.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. बाई नसली की गडी अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी विचारत नाही. त्या मोळ्यांनीच सासूबाईंची पाठ खाल्ली. पण 'मी येत नाही' असं नवऱ्याला तोंडावर सांगायची आमच्याकडे सोय नाही. डॉक्टरनं सांगितलं असतं तर सासरे गप्प बसले असते. सासूबाई त्याच आशेवर होत्या.

आणि रोज मी विचारलं की म्हणायच्या, "भाकरी थापल्या, शेन काढलं, पानी आनलं. मग रडकं कशाला लावती?" बोट हसऱ्याच्या शेजारी. काम उरकलं म्हणजे दुखलं नाही, असा त्यांचा हिशेब. शिवाय समोर सासरे जेवत बसलेले. डॉक्टरीणबाईंनी दिलेले व्यायाम त्या भिंत धरून, दात आवळून करायच्या, ते त्या ॲपला कुठून दिसणार? आधी मी वाद घालायचे, मग कंटाळले.

दसऱ्यानंतर नगरला गेलो. डॉक्टरीणबाई ॲपमधली दुखण्याची रेघ बघून खूश झाल्या. गोळी कमी केली, पट्टा बांधून कामाला जायला हरकत नाही म्हणाल्या. बरं वाटतंय ना, असं विचारलं तर सासूबाई "व्हय" म्हणाल्या. चार माणसांत दुसरं काय म्हणणार? मी म्हटलं, कूस बदलताना यांच्या डोळ्यात पाणी येतं. मग ॲपमध्ये का नाही आलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सासऱ्यांनी दवाखान्याच्या पायरीवरूनच टोळीच्या मुकादमाला फोन लावला, पूर्ण कोयता धरा म्हणून.

एसटीत सासूबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, मी सांगितलं न्हाई तरी तिला कळंल."

मला डॉक्टरचा राग आला, मोबाईलचा आला, मग त्यांचाच आला. "आत्या, तुमी हसरं लावलं, तिनं हसरं पाह्यलं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी घंटी वाजली तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. बोट ओळीवरून सरकत शेवटपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. मग सासऱ्यांकडे न बघता त्या बोलल्या, "रोज एवढं दुखतंय. मी यंदा येत न्हाई."

सासऱ्यांनी ताट सरकवलं. हात धुतला, मुकादमाला फोन करून अर्धा कोयता धरायला सांगितलं आणि बाहेर जाऊन बसले. त्यांचा राग दिवाळीतही गेला नाही. दिवाळीनंतर ते एकटेच गेले, आणि मोबाईल त्यांचा असल्यामुळे तोही गेला. आमचं ते ॲप संपलं, असं मी धरून चालले.

परवा संध्याकाळी शेजारच्या छबूबाई त्यांचा मोबाईल घेऊन आल्या. त्यावर सासऱ्यांचा फोन आला होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज, त्यात त्यांचा दमलेला आवाज.

"घंटी वाजली," ते म्हणाले. "कोनतं त्वांड लावू, इचार तिला."

एवढ्या वर्षांत त्यांनी हे विचारलं ते पहिल्यांदाच, आणि तेही माझ्याकरवी. मी मोबाईल सासूबाईंच्या कानाला लावला. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "शेवटच्या आदलं लावा."